मानाच्या ट्रॅक्टरची खांदशेकणी

हिरडाटोल्यात पोळ्याचा पहिला मान बकाराम पटल्यांच्या घरचा. तो त्यांना कोणी दिला आणि कधी दिला हे गावात कोणालाच सांगता येत नसे, आणि ज्या मोठेपणाचं मूळ सांगता येत नाही त्याला माणूस जरा जास्तच घट्ट धरून असतो. बकारामचा आजा तोरणाखालून पहिला गेला, बाप पहिला गेला, आणि मिसरूड फुटल्यापासून बकाराम पहिला जात आला होता. वर्षाच्या बाकी दिवसांत त्याला गावात फारसं कोणी विचारत नसे. ग्रामसभेत तो बोलायला उठला की लोकांना चहाची आठवण व्हायची. पण पोळ्याच्या दिवशी त्याची जोडी गावाबाहेरच्या आखरावर येईपर्यंत दुसऱ्या कोणाचा बैल तोरणाकडे तोंड करत नसे. तेवढ्या एका संध्याकाळच्या शिदोरीवर बकाराम पुढचं वर्ष काढायचा.

यंदा पंचाईत एवढीच होती की त्याच्याकडे जोडी नव्हती.

जोडी त्यानंच विकली होती. चोरखमारा गावच्या साळ्यानं, बायकोच्या भावानं, आपला जुना ट्रॅक्टर विकायला काढला आणि बकारामला तो घ्यावासा वाटला. ट्रॅक्टर दारात आल्यावर बैल कशाला पोसायचे, असा साऱ्या जिल्ह्यानं केलेला हिशेब त्यानंही केला. ट्रॅक्टर उभा असला की काही खात नाही, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. उभा राहिला की मेकॅनिक खातो, हे सांगायचं राहून गेलं. चांद्या आणि मोरक्या ही त्याची जोडी गावातल्याच नंदलालकडे गेली. नंदलाल दुसऱ्याच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, ठेक्यानं करणारा माणूस, पोळ्यात त्याची जागा सगळ्यात शेवटी, उकिरड्याच्या बाजूला. बैल गेले त्या दिवशी त्याची बायको सुशीलाबाई गोठ्यात बसून रडली. बकारामलाही वाईट वाटलं होतं, पण त्यानं ते ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवून झाकलं.

पोळा जवळ आला तशी हनुमानाच्या देवळात बैठक बसली. गावात जेमतेम पाच-सहा जोड्या उरलेल्या. तोरण बांधायचं ते कोणासाठी, असा प्रश्न निघाला, तेव्हा राइस मिलवाल्या मुन्नालालनं घसा साफ केला.

"जमाना बदलला, भाई. आता ट्रॅक्टरच किसानाचा बैल. तं ट्रॅक्टरयले बी पोळ्यात घ्या ना."

मुन्नालालला शेतकरी जमातीचा कळवळा एकाएकी आला नव्हता. त्यानं नवा कोरा ट्रॅक्टर घेतला होता, पॉवर स्टेअरिंगचा, आणि पटल्यांकडे बैल उरले नाहीत ही गोष्ट त्याच्या चांगली ध्यानात होती. पहिली जागा रिकामी झाली की तिची पाटी कोरी ठेवायची नसते, एवढा धंदा त्याला कळत होता. पण बकारामही उठला. लोकांना चहाची आठवण झाली, तरी तो बोललाच.

"मंग माझ्याघरी बी ट्रॅक्टर हाय. मान माझाच."

आता बैठकीत खरी जान आली. कमिटीचा अध्यक्ष इंद्रकुमार, ज्याला नियम करायचा भारी सोस होता आणि पाळायचा मुळीच नव्हता, तो मांडी बदलून बसला. बराच खल झाला आणि ठरलं ते असं. ट्रॅक्टर पोळ्यात येईल, पण बैलाचं जे जे होतं ते ते त्याचं झालं पाहिजे. आंघोळ, झूल, बाशिंग, आदल्या संध्याकाळची खांदशेकणी, सगळं. आणि तोरणाखालून त्यानं आपल्या मालकाच्या बळावर जायचं. दुसऱ्या घरच्या माणसाचा हात लागला तर मान त्या घरचा. बकारामचा ट्रॅक्टर पहिला गेला नाही, तर मुन्नालालचा जाईल आणि मग दरसाल तोच जाईल.

"मान एकदा गेला का वापस येत नाई," इंद्रकुमार म्हणाला. बकारामला हे सांगायची गरज नव्हती.

मग खांदशेकणीपाशी येऊन घोडं पेंड खाऊ लागलं. खांदशेकणी म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला पळसाच्या पानानं हळद-तूप चोळायचं, वर्षभर जू वाहून सुजलेला खांदा शेकायचा आणि त्याला आवतण द्यायचं की उद्या जेवायला ये. आता ट्रॅक्टरचा खांदा कोणता? एक म्हणाला बोनेट. दुसरा म्हणाला, बैल पुढून ओढतो, ट्रॅक्टर मागून ओढतो, तेव्हा त्याचा खांदा मागे, हुकापाशी. तिसऱ्यानं विचारलं की खांदा मागे असला तर शेपूट कुठे, आणि त्यावर खूप वेळ गेला. मोठी माणसं होती सगळी, घरी नातवंडं असलेली. शेवटी इंद्रकुमारनं निवाडा दिला की बैलाला जिथून वळवतात तिथे त्याचा जीव असतो, म्हणून ट्रॅक्टरचा खांदा म्हणजे स्टेअरिंग. याला आधार काय, हे कोणी विचारलं नाही, कारण अंधार पडत आला होता आणि भूक लागली होती.

हा निवाडा बकारामच्या नेमक्या दुखऱ्या जागी बसला. त्याच्या ट्रॅक्टरचं बाकी सगळं म्हातारपणाला शोभेल असं होतं, पण स्टेअरिंग म्हणजे निव्वळ चेष्टा होती. पाव फेरा फिरवला तरी पुढच्या चाकांना पत्ता लागायचा नाही, आणि मग एकदम लागायचा. साळ्यानं तो कसा चालवला होता कोण जाणे. चाकाच्या दांड्याखाली एक जाडजूड लोखंडी डबा असतो, स्टेअरिंग बॉक्स, त्यातल्या दात्यांनी चाकं वळतात आणि ते दाते तेलात बुडालेले असावे लागतात. बकारामच्या डब्याचं खालचं सील गेलं होतं. वरून तेल टाकलं की दोन दिवसांत खाली अंगणात उतरायचं.

बैठकीनंतर गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी तो मुलाला, प्रफुलला, घेऊन गुड्डू मेकॅनिककडे गेला. गुड्डूनं ट्रॅक्टरखाली डोकं घातलं आणि बाहेर काढलं.

"सील बदलावा लागते आन नव्वद नंबर ऑइल भरावा लागते. बस."

"ग्रीस भरलं तं नाई चालनार का? ते तं गळत नाई," बकारामनं विचारलं.

"अंकल, ग्रीस को दाते ने एक बार बाजूले सारलं का ते बाजूलेच बसून राह्यते. मुकाट. तेल कसं, वापस येते दात्यावर. पोळ्याच्या बाद गाडी सोडा, एका दिवसाचं काम हाय."

पोळ्यानंतर! बकारामला पोळ्यासाठीच तर हवं होतं. पण गुड्डूकडे गाड्यांची रांग होती, सगळ्यांनाच आपापल्या गावच्या पोळ्यात ट्रॅक्टर मिरवायचा होता. प्रफुल म्हणाला, सध्या नुसतं नव्वद नंबर तेल भरून ठेवू, पोळ्याच्या दिवशी सकाळी पुन्हा भरू, तेवढ्यापुरतं भागेल. पोरगं रोखठोक बोललं, आणि तेच त्याचं चुकलं. घरच्या माणसानं सांगितलेला साधा उपाय बकारामला कधी उपाय वाटतच नसे. तरी त्यानं तेलाचा डबा घेतला आणि प्रफुलनं ते भरलंही.

येताना वाटेत त्याच्या मनात मात्र गुड्डूचं बोलणं घोळत होतं. ग्रीस गळत नाही पण परत येत नाही. तेल परत येतं पण गळतं. असं काहीतरी हवं की जे गार असताना ग्रीससारखं थांबेल आणि गरम झालं की तेलासारखं वाहील. फाट्यापाशी पोचेपर्यंत त्याला उत्तर सापडलं. असली वस्तू जगात एकच होती आणि ती त्याच्या घरी, चुलीच्या वर, शिंकाळ्यात होती.

खांदशेकणीच्या दिवशी दुपारी प्रफुल झूल आणायला बाहेर गेला. तेवढ्यात बकारामनं पाना घेतला आणि स्टेअरिंग बॉक्सचा नट काढून प्रफुलनं भरलेल्यातलं उरलेलं सगळं तेल घमेल्यात सोडलं. पवित्र कामात कंपनीचं तेल कशाला, त्यात काय टाकलं असेल ते देवालाच माहीत. मग तो स्वयंपाकघरात आला.

"अव, तूप दे."

"किती?" सुशीलाबाईनं वाटी पुढे केली.

"वाटीनं काय होते? बर्नीच आन. आन हळद बी आन."

बरणीत मुलगी हर्षा सणाला येणार म्हणून महिनाभर साठवलेलं तूप होतं. सुशीलाबाईनं बरणी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"कायले पाह्यजे एवढं?"

"खांदशेकनी करून राहिलो. मुन्नालाल वरतून चोपडन, बोनेटले. त्याची खांदशेकनी देखाव्याची. मी आतून करतो."

"लोखंडाच्या पोटात तूप घालता? चांद्या-मोरक्याले उभ्या जलमात एवढं नाई भेटलं."

ती रागानंच म्हणाली, कारण तिला खरंच राग आला होता. ट्रॅक्टर आल्यापासून ती त्याच्यावर एकदाही बसली नव्हती. पण नवऱ्याचं तोंड बघून तिनं बरणी सोडली. हा मान गेला तर हा माणूस आतून मोडेल, हे तिला कळत होतं. बाहेरून तो तसा आधीच बराच मोडलेला होता.

बकारामनं तुपात हळद कालवली आणि ते पिवळंधमक मिश्रण पळसाच्या द्रोणानं स्टेअरिंग बॉक्समध्ये उतरवलं. डबा तोंडोतोंड भरला. उरलेलं तूप त्यानं दांड्याला चोळलं, नट घट्ट केला, हात जोडले आणि दर वर्षी बैलांच्या कानात म्हणायचा तेच ट्रॅक्टरच्या आरशाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ट्रॅक्टर काही बोलला नाही. तसे बैलही बोलत नसत, पण ते निदान कान हलवायचे.

मग त्यानं इंजिन सुरू केलं आणि चाक फिरवलं. आणि काय सांगावं, चाक एका बोटानं फिरलं! एव्हाना संध्याकाळचा गारवा पडला होता, तूप घट्ट होतं, दाते त्यात सुखानं रुतले होते. इतके दिवस पाव फेरा बहिरं असणारं स्टेअरिंग आता नुसत्या विचारानं वळत होतं. बकारामला हसू आवरेना. त्यानं ट्रॅक्टर बाहेर काढला, आणि काहीएक काम नसताना राइस मिलवरून दोनदा नेला. दुसऱ्यांदा त्यानं चाक करंगळीनं धरलं होतं, आणि मुन्नालालला ती करंगळी दिसावी म्हणून हात जरा उंच धरला होता.

"पॉवर बसवली का, पटलेजी?" मुन्नालालनं ओट्यावरून विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"पॉवर घरचीच हाय," बकाराम म्हणाला.

प्रफुल झूल घेऊन परत आला तेव्हा त्यानं घमेल्यातलं तेल पाहिलं. त्यानं बापाकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, आणि नट काढून डब्यात बोट घातलं. बोट पिवळं होऊन आलं.

"बाबा, उद्या उन्हात हे पातळ होईल. सील तं तुटलेलंच हाय. सगळं गळून जाईल."

"तेल गळते. तूप आपल्या घरचं हाय, ते नाई जात," बकाराम म्हणाला. "आन नट लाव तो. खांदशेकनी झाल्यावर खांदा उघडत नाई."

पोरानं नट लावला. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, ही म्हण ज्यानं केली त्याच्या घरी जुना ट्रॅक्टर नसावा.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून असं ऊन पडलं की बांध्यांतलं पाणी तापलं. रोवणं होऊन धान हिरवागार उभा होता, गावभर पुरणाचा वास सुटला होता. बकारामनं ट्रॅक्टर धुतला, बोनेटवर झूल टाकली, दिव्यांच्या वर बाशिंग बांधलं, सायलेन्सरला गोंडा लावला. तो जळाला तेव्हा दुसरा लावला. हे सगळं अंगणात भर उन्हात चाललं होतं. दुपारी आळीतलं एक कुत्रं ट्रॅक्टरखाली येऊन बसलं. बकारामला वाटलं सावलीला आलं. थोड्या वेळानं आणखी दोन आली, आणि तिन्ही अगदी मन लावून जमीन चाटू लागली. सुशीलाबाईनं ते दारातून पाहिलं. तिनं आपल्या महिनाभराच्या तुपाकडे एकदा बघून घेतलं.

ऊन कलल्यावर वाजंत्री आली आणि बकाराम निघाला. मुंडासं, नवं धोतर, कपाळाला गुलाल. बाजूला मडगार्डवर प्रफुल. मागे वाजंत्री, आणि त्यांच्या मागे गावातली यच्चयावत कुत्री. अशी मिरवणूक हिरडाटोल्यात पूर्वी कधी निघाली नव्हती. स्टेअरिंग जरा जड लागत होतं, पण बकारामनं त्याकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसाला मिरवणुकीत सगळंच जड लागतं.

आखर म्हणजे गावाबाहेरचं गुरं जमायचं मैदान. मधोमध दोन लाकडी बल्ल्या रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. एका बाजूला पाच-सहा जोड्या, त्यांत शेवटी नंदलाल चांद्या-मोरक्याला धरून उभा. शिंगं रंगवलेली, पाठी तेलानं चकाकत होत्या. दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर, त्यात सगळ्यांच्या पुढे मुन्नालालचा. तोरणापाशी आरतीचं ताट घेऊन अनुसयाबाई बसली होती. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, पहिल्या जोडीची पूजा तिच्या हातची. अख्खं गाव जमलेलं. बकाराम गल्लीतून आला आणि आखरावर उतरायला त्यानं चाक डावीकडे वळवलं.

ट्रॅक्टर डावीकडे वळला. आणि वळतच राहिला.

बकारामनं चाक उजवीकडे ओढलं. ते हललं नाही. त्यानं दोन्ही हातांनी ओढलं, पाय रोवून ओढलं. डब्यात तुपाचा थेंब उरला नव्हता. उरली होती ती हळद, तळाशी साचलेली, आणि कोरड्या दात्यांनी एकमेकांना असं धरलं होतं की सोडायला तयार नव्हते. ट्रॅक्टर तोरणासमोरून गेला, बैलांसमोरून गेला, उकिरड्याला वळसा घालून पुन्हा तोरणासमोर आला. लोकांना वाटलं हा प्रदक्षिणेचा कार्यक्रम आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजंत्रीवाल्यांनी चाल बदलली. बकारामनं दुसऱ्या फेरीत हात जोडून लोकांना नमस्कारही केला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना, आणि चाक धरलं काय न् सोडलं काय, ट्रॅक्टरला फरक पडत नव्हता. तिसऱ्या फेरीला कुत्रीही मागून गोल फिरू लागली तेव्हा पोरांना खरा प्रकार कळला आणि कोणीतरी तिथल्या तिथे झडती, पोळ्यात म्हणायचं कवन, जुळवून खड्या आवाजात म्हटली:

"चाक फिरे गरगरा, तूप गळे धारी,
मानाची गाडी चालली कुत्र्याइच्या दारी,
हर हर महादेव!"

आखर हसून आडवा झाला. बकारामनं ट्रॅक्टर थांबवला. तोरण समोरच होतं, पन्नासेक पावलांवर, पण पुढची चाकं डावीकडे तोंड करून रुसून बसली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं गुलालाचं निमित्त करून ते पुसलं.

मुन्नालालनं आपलं इंजिन सुरू केलं.

"थांबा जी," बकाराम ओरडला आणि खाली उतरला. तो धावत नंदलालकडे गेला. "नंदलाल, चांद्या-मोरक्याले जुंप बाप्पा पुढे. नुसतं तोंड सरळ करून दे गाडीचं. तोरनापर्यंत. तुझे उपकार ईसरनार नाई."

नंदलालनं बैलांच्या पाठीवर हात ठेवला. तो बोलला तेव्हा हळूच बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"बकारामभाऊ, आज पोळा हाय. आज त्याइच्या खांद्यावर जू ठेवत नाई कोनी. कालच तं शेकले मी." आणि मग जरा थांबून, "तुमी बी कधी ठेवलं नाई आजच्या दिवशी. तुमच्याकडूनच तं शिकलो."

बकारामनं चांद्याच्या तोंडापुढे हात नेला. चांद्यानं त्याचा हात हुंगला, आणि हुंगून पुन्हा तोरणाकडे बघू लागला. जुना मालक भेटला म्हणून बैल काही गहिवरला नाही. त्याला आज आराम होता.

"चला, ज्याले जमन त्यानं पुढे या," इंद्रकुमार म्हणाला. "कोनी हात लावाल तं मान तुमचा." तेव्हा हात लावायला चार-पाच जण पुढे सरसावले, एवढी परोपकारी माणसं गावात आहेत हे त्या दिवशीच कळलं. बकारामनं त्या सगळ्यांना मागे सारलं. त्यानं मिरवणुकीसाठी मागे गुंडाळून ठेवलेला नाडा, जाड दोर, काढला, पुढच्या धुऱ्याच्या उजव्या टोकाला बांधला आणि दुसरं टोक खांद्यावरून छातीवर घेतलं.

"प्रफुल, खालच्या गिअरमंधी टाक. हळूहळू सोड. मी तोंड सरळ ओढतो."

"बाबा, नोको. राहू द्या मान."

"टाक म्हन्तो ना."

ट्रॅक्टर मागून रेटू लागला आणि बकाराम पुढून ओढू लागला. आखरावर चिखल होता, म्हणून जमलं. चाकं डावीकडे पळू बघायची आणि बकाराम नाडा ओढून त्यांना घसरवत उजवीकडे आणायचा. त्याचं मुंडासं पडलं, धोतर चिखलानं भरलं, नाडा खांद्यात रुतला. तो वाकत वाकत पार हातांवर यायला आला. कोणी हसेना आता. मधेच ट्रॅक्टर अडला तेव्हा सुशीलाबाई गर्दीतून निघाली, नवऱ्याच्या बाजूला आली आणि नाड्याला खांदा दिला. ती घरचीच होती, नियमात बसत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. दोघं खाली मान घालून ओढत राहिली, आणि वाजंत्रीवाल्यांनी, त्यांना कोणी सांगितलं नसताना, बैलजोडी येताना वाजवतात ती चाल धरली.

तोरणाची पानं बकारामच्या डोक्याला लागली. तो थांबला. मागे ट्रॅक्टरचं बाशिंग तोरणात अडकून तुटलं.

अनुसयाबाई उठली. गुडघे धरत, सावकाश. तिनं ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग दोराला लागलेल्या त्या दोघांकडे पाहिलं. ताटातला तांब्या घेतला आणि बकारामच्या पायांवर पाणी ओतलं.

"काकी, तिकडे. ट्रॅक्टर तिकडे हाय," इंद्रकुमार म्हणाला.

"मले दिसते," ती म्हणाली. "तोरनाखाली जो पयले आला त्याची पूजा. माझ्या सासूनं मले एवढंच सांगतलं."

तिनं बकारामच्या कपाळाला कुंकू लावलं, सुशीलाबाईच्या लावलं, दोघांना ओवाळलं. मग बकारामच्या रक्ताळलेल्या खांद्यावरून हात फिरवला आणि दर वर्षी पहिल्या जोडीला म्हणायची तेच म्हणाली, "सालभर राबलास गा बाप्पा. आज नोको राबू." आणि ताटातली पुरणपोळी मोडून त्याच्या तोंडात घातली.

बकारामनं ही पूजा जन्मभर पाहिली होती, पण मागून, कासरा धरून. पुढून ती कशी लागते हे त्याला आज कळलं. आजा, बाप आणि तो, तिघांनी मिळून इतकी वर्षं जो मिरवला तो मान कोणाच्या कपाळाला लागत होता आणि आपण फक्त दोर धरून उभे होतो, हेही त्याला कळलं. त्याला फार लाज वाटली. सुशीलाबाई कुंकू लावलेल्या कपाळानं उभी राहून आता मोकळी रडत होती, आणि आपण हिला कधी एवढं विचारलं होतं, असंही त्याच्या मनात आलं. क्षणभर वाटलं की आत्ता इथेच सांगून टाकावं, हा मान नंदलालच्या जोडीला द्या, मला नको.

तेवढ्यात इंद्रकुमारनं कमिटीशी कुजबुज केली आणि हात वर केला.

"पह्यला मान बकाराम पटलेचाच. पन पह्यल्या जागी आता ट्रॅक्टर नाई, ते सोता आले, असं ठरलं. पुढच्या साली बी मान त्याइचाच, पन असंच नाडा खांद्यावर घेऊन याव लागन. नाई जमलं तं मुन्नालालजीचा नंबर."

सगळा आखर बकारामकडे बघू लागला. त्यानं खांद्यावरचा नाडा काढला नव्हता. त्यानं सुशीलाबाईकडे पाहिलं, ती डोळ्यांनी नको म्हणत होती. मग त्यानं मुन्नालालकडे पाहिलं. मुन्नालाल इंजिन बंद करून, हातातली चावी फिरवत, पडलेल्या तोंडानं उभा होता.

बकारामनं पुरणपोळी गिळली.

"येईन ना जी," तो म्हणाला. "काऊन नाई येनार?"